वॉटसनसाहेबाचे उतारूघर

पुतण्याच्या लग्नानिमित्त उन्हाळ्यात मुंबईला जाणे झाले. नरखेडचा माणूस मुंबईला गेला की समुद्र पाहून येतो. मी काळ्या घोड्याजवळची एक मोडकी इमारत पाहून आलो. घरच्यांनी मला वेड्यात काढले, वाचकांनी काढू नये.

ही इमारत म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने ओतीव लोखंडाचा सांगाडा विलायतेत घडवून जहाजाने आणवला आणि १८६० नंतरच्या दशकात तो येथे उभा केला. खाली खाणेपिणे नि मद्यगृह, वर साहेबलोकांच्या खोल्या. १८९६ साली मार्क ट्वेन येथे उतरला आणि त्याने मुंबईच्या कावळ्यांवर भरभरून लिहिले. समुद्र सोडून भलतेच पाहणारा आणखी एक भेटला म्हणून मला जरा धीर आला.

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली, ती याच हॉटेलात. आठवड्याभरातच ते खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात सुरू झाले. ती चित्रे पाहून भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे आपल्या सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये चक्क एक कुस्ती टिपली. जत्रेच्या तंबूत, धुळीत बसून सिनेमा पाहिलेल्या माझ्यासारख्याने त्या दाराला हात लावून यायला नको का?

हात मात्र लावता आला नाही. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला, २०१९ मध्ये इमारत रिकामी झाली. ती पाडावी असे एक अहवाल म्हणतो, राखावी असे वारसाप्रेमी म्हणतात. माझा एक जुना विद्यार्थी तेथे एका वकिलांकडे कारकून होता. तोच मला दाखवायला आला होता. म्हणाला, "सर, सगळे लोखंडाबद्दल बोलतात. आम्ही फायलींची कपाटं कुठं न्यायची, हे कुणी विचारलं नाही."

मला त्याचे म्हणणे पटले. नुसती रंगवून, दोरी लावून ठेवलेली इमारत काय कामाची? डागडुजी करून तिच्यात पुन्हा माणसांची ये-जा हवी.

हा मुलगा मूळचा मोवाडचा. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुराने ते गाव धुऊन नेले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. गाव नव्या जागी वसले. त्याची आई मात्र अजून जुन्या घरातल्या कोनाड्यांविषयी बोलते. मी विचारले, "मग पाडावी की राखावी?"

तो बराच वेळ त्या गंजलेल्या खांबांकडे पाहत राहिला. "राखावी, सर. आमच्या घराला तेवढी सवडच मिळाली नाही."

मग आम्ही जवळच्या टपरीवर चहा घेतला. पैसे त्यानेच दिले.