दोन चांगल्यांचे भांडण

मुलांनो, आमच्या रावेतच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. समूहगीत आधीच ध्वनिमुद्रित करायचे ठरले. चौथीत माझ्या वर्गात असलेला, आता अकरावीत शिकणारा एक मुलगा आपली बास गिटार घेऊन मदतीला आला.

बास म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. ती वाजते तेव्हा कुणाचे लक्ष नसते. थांबली की मात्र गाणे पोकळ होते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. ती जुनी गाणी लागली की आईबाबांना सांगा, "आज गायकाकडे नको, तळाकडे कान द्या!"

तर आमच्या पठ्ठ्याने बास एकाच वेळी दोन वाटांनी टिपली. पहिली वाट सरळ: गिटारची वायर एका डबीतून थेट संगणकात. या डबीला डी.आय. बॉक्स म्हणतात. दुसरी वाट अँप्लिफायरची: त्याच्या स्पीकरसमोर एक मीटरवर माइक. सरळ वाटेचा आवाज स्वच्छ, बोटाचा स्पर्शही कळावा असा, पण कोरडा. अँप्लिफायरचा आवाज उबदार, भारदस्त, पण जरा गढूळ. दोन्ही मिसळले तर दुधात साखर, नाही का?

कसले काय! मिसळल्यावर बास पार पाणचट झाली. कुणीतरी म्हणाले, "याला जमत नाही, बास काढूनच टाका." पोरगा काही न बोलता गिटार पिशवीत भरू लागला. खरे सांगते, मीही मान हलवणारच होते. मग वाटले, दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू तरी. ऐकले, तर दोन्ही छान! म्हणजे वाजवणारा चुकला नव्हता.

मग चुकले काय? झोका आठवा. झोका पुढे जाताना दोघांनी मिळून ढकलला तर उंच जातो. एकाने पुढे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मागे ढकलला तर जागीच थांबतो. आवाजाच्या लाटांचेही तसेच. वायरमधून आवाज जवळजवळ तत्क्षणी पोचतो. हवेतून तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक मीटरला सेकंदाच्या हजाराव्या भागाचे तीन भाग उशीर! एवढ्या उशिराने सेकंदाला सुमारे १७० कंपने असलेली लाट नेमकी उलटी पडते. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते आणि तिच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही उमटतात. चौपट म्हणजे १६४. आमच्या छोट्या स्पीकरवर ४१चा स्वर उमटतच नव्हता. सारी भिस्त वरच्या स्वरांवर, आणि नेमके तेच कापले गेले!

उपाय सोपा निघाला. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही लाटा मोठ्या करून पाहिल्या. माइकची लाट किंचित मागे सरकवून शिखराला शिखर जुळवले. लाट उलटी करणारे बटण असते, तेही दाबून पाहिले. ज्यात आवाज भरीव वाटला ते ठेवले. पुढच्या वेळी माइक स्पीकरच्या वीतभर जवळ ठेवायचा, असेही ठरले. माइक स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार येतो, कडेकडे सरकवला तर मऊ. आणि कुठला आवाज किती घ्यायचा, ते बास एकटी ऐकून नव्हे, सगळे गाणे लावून ठरवायचे.

"बाई, म्हणजे माझं चुकलं नव्हतं ना?" त्याने विचारले.

"नाही रे राजा. आमचीच घाई झाली."

गिटार पिशवीतून पुन्हा बाहेर आली. मुलांनो, वर्गात, घरात किंवा संघात दोन चांगली माणसे एकत्र येऊन काम बिघडले, तर लगेच एकाला घरी पाठवू नका. आधी दोघांचे वेगवेगळे ऐका. कदाचित कुणीच चुकलेले नसेल, फक्त पाऊल जुळलेले नसेल.