भिंत नसलेल्या भिंतीवर टीव्ही

मागच्या शनिवारी लातूरला गेलो होतो. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो, सकाळी उतरलो, आंघोळ-चहा आटोपला आणि अण्णाची नवी गाडी बघायला गेलो. अण्णा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. टूर्सचा धंदा आहे त्याचा. यंदा त्याने एक कॅराव्हॅन घेतलीय. सेकंडहँड, पण रीतसर कॅराव्हॅन म्हणूनच नोंदलेली. मागे आडवा पलंग, एका बाजूला लांब बाक (रात्री त्याचाच बिछाना), छोटा ओटा, पाण्याची टाकी. प्लॅन असा की म्हाताऱ्या माणसांना तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर करून आणायचं. लॉजच्या पायऱ्या नकोत, बाथरूमसाठी रांग नको. आणि पहिली सवारी कोण? आमची आजी.

आयडिया झकास आहे, वादच नाही. पण गाडीत शिरलो आणि समोर दिसला टीव्ही. ३२ इंची. बाजूच्या भिंतीवर, पुढे-मागे फिरणाऱ्या लोखंडी हातावर. म्हणजे बाकावरून दिसतो, पलंगावरून दिसतो आणि दार उघडून बाहेर खुर्च्या टाकल्या तर तिथूनही दिसतो. अण्णा भलताच खुश होता. ज्या बाकावर आजी झोपणार, बरोबर त्याच्यावर तो लटकत होता.

आजी वर चढली, बाकावर बसली, मान वर करून बघितलं आणि एकच प्रश्न विचारला. "आरं लेकरा, हे डोस्क्यावर पडायचं न्हाई नव्हं?"

अण्णा हसला. "आजी, चार स्क्रू मारलेत, पक्के!"

मीही हसलो. खोटं कशाला बोलू.

दुपारी गाडीचा अंदाज घ्यायला आम्ही दोघंच औशापर्यंत जाऊन आलो. वेग फार नव्हता. दोन-चार गतिरोधक जरा जोरात बसले, एवढंच. परत आल्यावर बघतो तर वरचे दोन स्क्रू अर्धे बाहेर आलेले आणि आतलं प्लायवूड पोटासारखं फुगलेलं. मी ब्रॅकेटला दोन बोटं लावून ओढलं तर अख्खा टीव्ही मान डोलवायला लागला. आणि खाली बाकावर आजीची चादर आणि उशी, सकाळीच आणून ठेवलेली.

असो. कुणाला काही झालं नाही. ज्या वर्कशॉपमध्ये तो बसवला त्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, "भाऊ, आम्ही सगळ्या गाड्यांत असाच बसवतो." हेच वाक्य डोक्यात बसलंय. आजचं लिखाण त्यावरच आहे.

आता थोडं इंजिनीअरिंग. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पलीकडे जाणार नाही. (लातूर पॅटर्नवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, तुमचं पाठ आहे :-))

३२ इंची टीव्हीचं वजन ४ किलोच्या आसपास. ऐकायला किती कमी वाटतं! पण तो भिंतीला चिकटलेला नाही, ४० सेंटिमीटर लांब हातावर आहे. म्हणजे भिंतीपाशी सुमारे १६ न्यूटन-मीटरचा पीळ. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून १० सेंटिमीटरवर धरा. मग वरच्या स्क्रूंवर भिंतीतून उपटणारी ओढ येते १६० न्यूटन, म्हणजे १६ किलोची. चार किलोचा टीव्ही सोळा किलोने ओढतोय, तेही गाडी उभी असताना आणि लोखंडी हाताचं वजन न धरता. गाडी खड्ड्यात आपटली आणि धक्का तिप्पट झाला की हीच ओढ पन्नास किलोच्या घरात जाते. एकदा नाही, प्रत्येक खड्ड्याला. स्क्रू एका झटक्यात निघत नाही हो, रोज थोडा थोडा सैल होतो. एक दिवस सगळ्यांच्या देखत पडतो आणि आपण म्हणतो, "अचानक पडला!"

अपघाताचं गणित तर याहून वाईट. गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगात असताना अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. म्हणजे टीव्ही ८० किलोचा. त्यातून तो फिरत्या हातावर असेल आणि हाताला लॉक नसेल तर दारासारखा फिरत पुढे येणार. तिथे कोण बसलंय हे तो बघत नाही.

पण खरा मुद्दा टीव्हीचा नाहीच. मुद्दा भिंतीचा आहे. आपण जिला भिंत म्हणतो ती कॅराव्हॅनमध्ये नसतेच मुळी. बाहेर पत्रा, आत तीन-चार मिलीमीटरचं प्लाय, मध्ये उष्णता अडवायला थर्माकोल किंवा फोम. दोन पापुद्रे आणि मध्ये भुसा! वजन पेलणारी गोष्ट एकच, आतले उभे-आडवे लोखंडी पाइप. त्यांना न पकडता मारलेला स्क्रू म्हणजे पापडाला मारलेला खिळा.

हे मी संध्याकाळी घरी समजावून सांगत होतो, कागदावर चित्र काढून. आजी शेजारीच गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. चित्र बघून म्हणाली, "ही तर आपल्या जुन्या घरची भित हाय."

मी गप्पच झालो. कारण ती शंभर टक्के बरोबर होती.

आजीचं जुनं घर औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, माझा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला. पण आमच्या भागात जन्मलेल्या प्रत्येक पोराला ती पहाट तोंडपाठ असते. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक अंथरुणातच, स्वतःच्याच घराच्या भिंतींखाली. त्या भिंती कशा होत्या? आत एक दगडी थर, बाहेर एक दगडी थर, मध्ये माती आणि खडी. जाडी दोन-दोन, तीन-तीन फूट. दिसायला किल्ला! पण आतल्या थराला बाहेरच्या थराशी बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. जमीन हलली तसे दोन थर एकमेकांपासून सुटले, भिंतीला पोट आलं आणि ती कोसळली. वर माळवदाच्या मातीचं ओझं होतंच. भूकंपानंतर जे सरळ उभं राहिलं ते भिंतीत आरपार बांधदगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर सगळीकडून पट्टा बांधा, असं सरकारी आणि जागतिक बँकेच्या पुनर्वसनात गावोगाव शिकवलं गेलं. म्हणजे काय, तर दोन पापुद्रे एकमेकांना बांधा आणि ओझं सांगाड्यावर न्या. बस्स.

आजी त्या रात्री वाचली कारण ती अंगणात झोपली होती. पुढे कित्येक वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्येच झोपायची, पक्कं घर मिळाल्यावरसुद्धा. आजही लातूरच्या फ्लॅटमध्ये तिच्या खाटेच्या वर फळी नाही, फोटो नाही, घड्याळसुद्धा नाही. लहानपणी आम्ही याला आजीचं वेड म्हणायचो. शनिवारी पहिल्यांदा कळलं की गाडीतल्या पाच जणांत (त्यातला एक इंजिनीअर!) योग्य प्रश्न एकटीने विचारला होता.

आता अण्णाची बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पुण्यात राहून शहाणपणा शिकवतोय. तो म्हणाला, "गिऱ्हाईक गाडीत चढलं की पहिलं विचारतं, टीव्ही हाय का? ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत इतकी वर्षं टीव्ही लटकले, कुणाच्या डोक्यात पडले?" मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. पण त्या बसमधला टीव्ही ड्रायव्हरच्या मागच्या पार्टिशनला, लोखंडी चौकटीत बसवलेला असायचा. त्याच्या बरोबर खाली कुणी उशी घेऊन झोपत नव्हतं.

आणि टीव्ही नकोच, असलं काही माझं म्हणणं नाही. "प्रवासात निसर्ग बघा, टीव्ही कसला बघता" हे वाक्य बोलायला तिशीच्या आत सोपं आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पंढरपुरात रात्री आठनंतर गाडीत बसून काय करायचं, हे त्यालाच विचारा. आजीला कीर्तन हवंय आणि तिची मालिका हवीय. का नको? फक्त ते तिच्या डोक्यावर नको.

तर रविवारी आम्ही दोघांनी काय केलं ते सांगतो. फिरता हात काढून टाकला. ३२ इंची टीव्ही अण्णाच्या ऑफिसात गेला, त्याच्या जागी तिथला २४ इंची गाडीत आला, वजन तीन किलोच्या आसपास. जागा बदलली. ड्रायव्हरच्या मागचं पार्टिशन, तोंड मागे पलंगाकडे. याचा एक मोठा फायदा आहे. गाडी समोरून कशावर आदळली तर टीव्ही पुढच्या दिशेने जायला बघणार, म्हणजे पार्टिशनवरच दाबला जाणार. जो जोर स्क्रू उपटणार होता तोच आता टीव्हीला भिंतीला चिकटवतो! ड्रायव्हरला तो दिसतही नाही. पार्टिशनच्या दोन लोखंडी उभ्या पाइपांवर १२ मिलीमीटरचं प्लाय टाकलं, आरपार बोल्ट, मागे मोठे वॉशर आणि सैल न होणारे नायलॉनचे नट. खालून टीव्हीला आधार देणारी पट्टी आणि वरून एक जाड पट्टा. समजा बोल्ट निघालाच तरी टीव्ही पट्ट्यात अडकेल. खर्च? दीड हजाराच्या आत. वेळ? जेवणाच्या सुट्टीसकट चार तास. शेवटी अण्णा स्वतः ब्रॅकेटला दोन्ही हातांनी लटकला. त्याचं वजन ८५ किलो आहे, म्हणजे अपघातातल्या त्या आकड्याची परीक्षा झाली म्हणायला हरकत नाही :-)

मला वाईट याचं वाटतं की हे सगळं कुणालाच अवघड नव्हतं. कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस १२४ नावाचं मानक आहे, महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करायला मनाई आहे. कागद भरपूर आहेत. पण टीव्ही बसवणं हे सगळं संपल्यावरचं काम असतं. गाडी तयार, पैसे दिले, मग "जाता जाता टीव्ही पण लावून द्या". जाता जाता केलेल्या कामाला मालक नसतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही शुक्रवारी संध्याकाळी "एवढंच टाकून देऊ" म्हणून टाकलेलं तेवढंच सोमवारी सगळं पाडतं. फरक इतकाच की तिथे सर्व्हर पडतो.

आणि तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठली आलीय कॅराव्हॅन! जरा आपल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मान वर करून बघा. ५५ इंची टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे? विटेची, हलक्या ब्लॉकची, की जिप्समचं पार्टिशन? बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजतंय का? स्प्लिट एसीच्या बरोबर खाली बाळाचा पाळणा आहे का? पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांची फळी आहे का? बसवणाऱ्या पोराने भिंत बघितली होती, की पुढची ऑर्डर?

माझं म्हणणं एवढंच. डोक्यावर काही लावायचं असेल तर सल्ला विकणाऱ्याचा घेऊ नका, बसवणाऱ्याचा घेऊ नका, इंजिनीअर पुतण्याचा तर अजिबातच नको. जो खाली झोपणार आहे त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर नाही.

परवा अण्णाचा फोन आला, गाडी तुळजापूरला पोचली म्हणून. मागून कीर्तनाचा आवाज येत होता. आजीला विचारलं, झोप लागली का? म्हणाली, "लागली की. वर काय बी न्हाई आता."