शिबिर साहेबांचे, कचरा मावशींचा

दिवाळीची झाडलोट आता घरोघर उरकली असेल. माळ्यावरून निघालेले जुने सेल, फुटकी ट्यूबलाईट, मुदत टळलेली औषधे हे सारे एका पिशवीत बांधून आपण कचरेवाल्या मावशींच्या हाती दिले आणि फराळाला बसलो. त्या ट्यूबमध्ये पारा असतो, हे मावशींना कोणी सांगितले होते काय? पण घरच्या गृहिणीला दोष देण्याआधी मी माझ्याच कचेरीची गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे पर्यावरण-प्रशिक्षणाचे शिबिर भरले. भरले ते लोणावळ्याला. डोंगरावर गेल्यावाचून निसर्गाचे महत्त्व साहेबलोकांना पटत नसावे. दोन बसगाड्या, प्रत्येकापुढे प्लास्टिकची पाण्याची बाटली, पाहुण्यांना शाल-श्रीफळ (त्यातले श्रीफळ तेवढे निसर्गाला धरून होते!) आणि शेवटी सर्वांना प्रमाणपत्र. मलाही मिळाले. मी हिशेबखात्यात बसतो. माझ्या हातून निसर्गाची नासाडी व्हायची ती फार तर कागदाची. ज्यांच्या हातात कचेरीचा कचरा, जनरेटरचे तेल आणि संडास धुण्याचे ॲसिड, त्यांपैकी एकही माणूस बसमध्ये नव्हता. विचारले तर उत्तर आले, ‘ती ठेकेदाराची माणसे. आपल्या योजनेत बसत नाहीत.’

हे उत्तर साफ खोटे आहे. आयएसओ १४००१ हे मानक १९९६ साली निघाले आणि २०१५ साली सुधारले गेले. त्याचे प्रमाणपत्र आमच्या दालनात चौकटीत टांगले आहे. त्यात लिहिले आहे ते संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या माणसांविषयी. पगारपत्रकावर सही करणाऱ्यांविषयी नव्हे. चौकट पुसण्याचे कामही ठेकेदाराचाच माणूस करतो, ही गोष्ट वेगळी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! त्यांनी भोपाळ आठवावे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्याच्या आधीच तेथील शीतकरण यंत्र बंद केलेले होते. त्या विभागात पाळीला बारा माणसे असत, ती सहावर आणली होती; शिकवणीचा काळ घटवला होता; आणि सूचना होत्या इंग्रजीत. भिंतीपलीकडच्या वस्तीला तर कोणी काहीच सांगितले नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, एवढे एक वाक्य आधी कानावर पडले असते तरी कित्येक जीव वाचते. काटकसर म्हणून प्रथम शिकवणीवरच कात्री चालते, आणि तीही खालच्या पायरीवर.

‘अडाणी माणसांना काय कळणार?’ हा शेवटचा बचाव. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा उचलते. कुठले प्लास्टिक विकले जाईल आणि कुठले नाही, हे या बायांना हाताला लागताच कळते. लोणावळ्याच्या आमच्या व्याख्यात्याला ते कळले असते की नाही, मला शंका आहे. खरे म्हणजे शिबिरात त्यांनी बोलावे आणि साहेबांनी टिपून घ्यावे. बदल्यात पारा, ॲसिड आणि हातमोजे यांविषयी त्यांना त्यांच्या भाषेत, कामाच्या वेळात, पगार न कापता सांगावे. बसगाडीच्या भाड्यात हे सारे होईल.

यंदाचे शिबिर महाबळेश्वरला ठरते आहे असे ऐकतो. माझी जागा आमच्या मावशींना द्यावी, असा अर्ज मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.