संगणकाचा दोष वाचावा कसा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. पुढील आवृत्तीस, म्हणजे विंडोज ११ ला, काही विशिष्ट सुरक्षा-साधने व त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक संगणक त्या पंक्तीतून बाहेर पडले. ज्या शाळांकडे व ग्रंथालयांकडे असे संगणक आहेत, त्यांना ‘लिनक्स घाला, ती फुकट आहे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला वाईट नाही. पण तो अर्धा आहे. प्रणाली फुकट मिळते, ती चालविण्याची विद्या मात्र कमवावी लागते. आणि या विद्येचा मुख्य भाग आज्ञा पाठ करणे हा नसून बिघाडाचे कारण शोधणे हा आहे.

‘लिनक्स’ हे नाव वस्तुतः प्रणालीच्या गाभ्याचे आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच्या भोवतीची पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. गाभा, साधने व दर्शनी मांडणी एकत्र बांधून जी गाठोडी तयार होतात त्यांस ‘वितरण’ म्हणतात. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट ही त्यांतील परिचित नावे. हा इतिहास नवशिक्याला केवळ माहितीसाठी सांगावयाचा नाही. मदत मागताना ‘माझे लिनक्स बिघडले’ एवढेच म्हणणे म्हणजे वैद्याला ‘अंगात दुखते’ म्हणण्यासारखे आहे. वितरण कोणते आणि त्याची आवृत्ती कोणती, हे सांगितल्यावाचून उपाय लागू पडत नाही. एका वितरणाचा उतारा दुसऱ्यात कित्येकदा अपायच करतो.

प्रारंभ पेन ड्राइव्हवरून करावा. बहुतेक प्रमुख वितरणे संगणकाच्या डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. अशा वेळी आवाज येतो काय, वायरलेस जोडणी लागते काय, प्रिंटर ओळखला जातो काय आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो काय, हे निवांतपणे तपासावे. ही परीक्षा एका बैठकीत उरकणारे बहुधा पुढे पस्तावतात. कायमची स्थापना करताना ‘सर्व डिस्क पुसून टाका’ असा एक पर्याय समोर येतो; तो अक्षरशः खरा असतो. आधी दुसरीकडे प्रत ठेवली नसेल, तर ग्रंथालयाची सूची किंवा शाळेचे निकालपत्रक त्या एका कळीसरशी नाहीसे होते.

दोष कसा वाचावा याचे उत्तम उदाहरण घड्याळाचे आहे. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवल्या, की कित्येकदा असा अनुभव येतो की लिनक्समध्ये वेळ बिनचूक असते, पण नंतर विंडोज सुरू करताच सकाळी ११ वाजता पडद्यावर ५ वाजून ३० मिनिटे दिसतात. नवशिक्या लगेच घड्याळाची बॅटरी बदलतो. दोष पुन्हा येतो. मग तो ‘लिनक्सने संगणक बिघडविला’ असा निष्कर्ष काढतो. वास्तविक उत्तर त्या आकड्यातच असते. संपणारी बॅटरी वेळ अशी मोजून मापून चुकवीत नाही. नेमका साडेपाच तासांचाच फरक पडतो, म्हणजे तो बिघाड नव्हे, तो हिशेबाचा मतभेद आहे. संगणकाच्या आतील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेविली आहे असे लिनक्स सामान्यतः धरून चालते. विंडोज तेथे स्थानिक वेळ आहे असे समजते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. गंमत अशी, की लंडनमध्ये हिवाळ्यात हाच दोष असूनही दिसणार नाही, कारण तेव्हा तेथे दोन्ही वेळा एकच असतात! उपाय एका बाजूस करावयाचा: एक तर लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगावे, नाही तर विंडोजला जागतिक वेळ मानावयास लावावे. उतावीळपणे दोन्ही केले, तर मतभेद उलटा होऊन कायम राहतो. एका वेळी एकच बदल करावा, हा प्रयोगशाळेतील नियम येथे किती उपयोगी आहे, हे यावरून ध्यानी येईल.

वायरलेस जोडणी न लागणे, ही दुसरी नेहमीची तक्रार. तिच्या मुळाशी पुष्कळदा फर्मवेअर असते, म्हणजे जोडणीच्या उपकरणाला स्वतःला लागणारा छोटा कार्यक्रम. तो बहुधा निर्मात्याच्या मालकीचा व बंदिस्त असतो. डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात असे कार्यक्रम तत्त्वासाठी दीर्घकाळ वगळलेले होते. २०२२ साली सभासदांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते संचातच येऊ लागले. ज्याच्या संगणकात ते अजूनही नसतील, त्याने मोबाइल फोन केबलने जोडून तात्पुरते इंटरनेट घ्यावे व हवा तो भाग उतरवून घ्यावा. तत्त्व श्रेष्ठ की नवशिक्याची सोय, हा वाद मोठा आहे. पण पहिल्याच दिवशी इंटरनेटला मुकलेला विद्यार्थी तत्त्वाचा अनुयायी होण्याचा संभव कमीच.

लिनक्सची एक थोरवी मात्र निर्विवाद आहे: ती फारसे लपवीत नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे अधिकार नाही. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणजे जागा उरली नाही. ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे आज्ञेचे नाव चुकले किंवा तो कार्यक्रमच बसविलेला नाही. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने प्रणालीची रोजनिशीच उघडून वाचता येते. इतके असूनही पुष्कळजण संदेश न वाचता खिडकी बंद करतात आणि कोणीतरी कोठेतरी सांगितलेली आज्ञा जशीच्या तशी उतरवितात. आज्ञेच्या आरंभी ‘सुडो’ हा शब्द असेल, तर आपण घराच्या सर्व किल्ल्या परक्याच्या हाती देत आहो, हे त्यांच्या गावीही नसते. जी आज्ञा काय करते हे कळत नाही, ती ‘मॅन’ या आज्ञेने मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावी.

भारतीय भाषांत काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली जुनी मराठी वा हिंदी फाइल उघडली, की निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि दोष नव्या प्रणालीच्या माथी मारला जातो. त्या फाइलीत मुळात देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार चढविलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर विंडोजमध्येही हेच दिसेल. येथे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच उपाय.

लिनक्सने सर्व गरजा भागतात असे मात्र कोणी सांगू नये. केवळ विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे कार्यक्रम, काही प्रिंटर आणि काही स्कॅनर तिच्यावर धड चालत नाहीत. ज्या कार्यालयाचे काम त्यांवाचून अडते, त्याने निदान एक विंडोज संगणक राखावा.

केरळात २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्पाने पुढे शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणले. २०१७ पासून हे काम ‘काइट’ ही संस्था पाहते. तेथील ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थिमंडळांत मुलांना यंत्रसामग्रीचे व मल्याळम संगणनाचेही शिक्षण मिळते. इतर राज्यांनी प्रणालीपेक्षाही ही व्यवस्था उचलावी. शाळेत बाहेरचा तंत्रज्ञ येईपर्यंत संगणक झाकून ठेवण्याची रीत असेल, तर कोणतीही प्रणाली तेथे रुजणार नाही. प्रत्येक संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. पहिल्या पानावर यंत्राची जात, वितरण व आवृत्ती लिहावी. पुढे दर वेळी तारीख, पडद्यावरील संदेश शब्दशः, केलेला एकच बदल आणि त्याचा परिणाम. इयत्ता सातवीची मुले ही वही उत्तम ठेवू शकतात.