मोठे भांडवल, लहान पेढी

चाकणची कारखानदारी मागे टाकून नाशिक रस्त्याने पुढे गेले, की नारायणगावजवळ खोडद हे गाव आहे. तेथे व त्याच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही रेडिओ दुर्बीण जीएमआरटी या नावाने जगभर ओळखली जाते.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी एक प्रचंड कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वजनदार आहे. जवळच्या दीर्घिकांत केंद्रभागातील ताऱ्यांचे वस्तुमान हजार रुपये धरले, तर कृष्णविवराच्या खाती साधारण एक ते पाच रुपये निघतात. दोघांची वाढ परस्परांशी बांधलेली असते. कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूपैकी काही भाग झोतांच्या रूपाने दूर फेकला जातो. त्या झोतांनी भोवतालचा वायू तापला, की नव्या ताऱ्यांचा जन्म मंदावतो.

विश्वाच्या आरंभकाळात मात्र हा हिशेब जुळत नाही. जीएमआरटीने केलेल्या आकाश-पाहणीतून २०१८ मध्ये आयुष सक्सेना व सहकाऱ्यांनी एक रेडिओ दीर्घिका शोधली. तिच्या लहरी सुमारे १२ अब्ज वर्षे प्रवास करून आल्या होत्या. रेडिओ लहरींत ती ठळक होती; पण ताऱ्यांची वस्ती इतकी अंधुक, की अवरक्त छायाचित्रात प्रथम उमटलीच नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘यूएचझेड१’ या आणखी दूरच्या दीर्घिकेत तर कृष्णविवराचे वस्तुमान साऱ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या तोडीचे आढळले. एवढ्या थोड्या काळात एवढी मिळकत कशी झाली? प्रियंवदा नटराजन व सहकाऱ्यांच्या मते वायूचा अवाढव्य ढग थेट कोसळून काही कृष्णविवरे जन्मली असावीत. म्हणजे मूळ भांडवलच मोठे होते.

या प्रश्नांची उत्तरे अतिशय क्षीण लहरींत दडलेली आहेत. मोबाइल मनोरे, विजेच्या तारांतील ठिणग्या आणि यंत्रे यांच्या गोंगाटात त्या सहज बुडतात. पुणे–नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गालाही याच कारणाने हरकत घेतली गेली. उद्योगाला रस्ता, वीज आणि रेल्वे हवीच. परंतु जुन्नर–आंबेगावच्या बाजूला नवी शेड उभारणाऱ्याने जागेच्या कागदपत्रांबरोबर दुर्बिणीच्या शांततेचीही आधीच चौकशी करावी. शेड दुसऱ्या जागी उभी राहू शकते. खोडदच्या ३० तबकड्या हलवता येणार नाहीत.