औषधाला सोबतीची जोड

केंद्र सरकारने २०१८ साली 'आयुष्मान भारत' योजना जाहीर केली, तेव्हा देशभर दीड लाख आरोग्य केंद्रे उभारण्याचा, म्हणजे जुनी उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे नव्या रूपात चालवण्याचा संकल्प सोडण्यात आला. त्यांपैकी साडेबारा हजार केंद्रे आयुर्वेद, योग, होमिओपॅथी आदी पद्धतींच्या वाट्याला यावयाची होती. २०२३ च्या अखेरीस या सर्व केंद्रांचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नामकरण झाले. इमारतींना नवा रंग लागला, नव्या पाट्या झळकल्या. केंद्रात रोग्याला केवळ गोळी मिळू नये, तर योग, आहारविचार आणि निरोगी राहण्याचे शिक्षणही मिळावे, हा या कल्पनेचा गाभा होता. तो मात्र पाट्यांइतका सहज उभा राहणारा नव्हता. २१ जूनला योग दिन साजरा होतो, मान्यवर येतात, छायाचित्रे निघतात. प्रश्न आहे तो २२ जूनचा.

हा प्रश्न क्षुल्लक नाही, कारण रोगांचे स्वरूपच पालटले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पटकी किंवा हिवताप येतो आणि योग्य उपचाराने जातो. मधुमेह आणि रक्तदाब मात्र घरी मुक्कामाला येतात. त्यांच्यावरील उपचार डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटे होतो आणि उरलेला सगळा वेळ रोग्याच्या ताटात, त्याच्या चालण्यात आणि त्याच्या झोपेत होत असतो. तेथे डॉक्टर नसतो. तेथे कोणीतरी असावे, ही गरज भागवण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे समदुःखी माणसांचे नियमित भेटणारे मंडळ.

ही कल्पना नवी नाही. बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली क्षयाच्या गरीब रोग्यांचा एक वर्ग सुरू केला. सॅनिटोरियमचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. हे रोगी आठवड्यातून एकदा जमत, विश्रांतीची व आहाराची नोंदवही दाखवत, वजन करून घेत आणि एकमेकांची प्रगती पाहून धीर धरत. आपल्याकडेही पाहता येईल. डॉ. रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी केवळ दवाखाना थाटला नाही. गावोगावची शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे हाच त्या कामाचा पाया झाला, आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रिया आपल्या गावच्या आरोग्यसेविका झाल्या. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'नेही व्यसनमुक्तीत सोबत्यांच्या आधाराचे मोल ओळखले. व्यसनातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या व्यसनी माणसाला जे सांगू शकतो, ते कोणताही पदवीधर सांगू शकत नाही.

तथापि, मंडळांचा कैवार घेताना अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनांच्या प्रसृत कर्करोगाने ग्रस्त असलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात जात होत्या, त्या इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. साहजिकच जगभर आशा पालवली. पण २००१ साली अधिक मोठ्या प्रमाणावर झालेल्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. आढळले ते इतकेच, की गटातील स्त्रियांचे मानसिक क्लेश आणि वेदनांची जाणीव कमी झाली. भारतातही हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे चार हजार रुग्णांवर, २४ रुग्णालयांत, योगाधिष्ठित पुनर्वसनाची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. पुन्हा झटका येण्याचे अथवा मृत्यूचे प्रमाण योगाने लक्षणीय घटल्याचे त्यातून सिद्ध झाले नाही. परंतु या रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटू लागली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. ज्याच्या पगारावर घर चालते त्या कारकुनाला विचारा, कामावर परतणे ही गोष्ट लहान आहे काय?

यातून धडा स्पष्ट आहे. मंडळ ही औषधाची जोड आहे, औषधाची जागा नव्हे. 'समन्वित उपचार' या भारदस्त शब्दाआड नेमका हाच भेद पुसला जाण्याचा धोका असतो. योगवर्गात चार दिवस बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारे लोक आपल्या भोवती थोडे नाहीत. मधुमेह समूळ बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी असूनही त्या दिसतातच. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. यावरून साऱ्या आयुर्वेदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. परंतु जे परंपरेतून आले ते निर्धोकच असणार, ही समजूतही तितकीच खोटी आहे. रोग्यांचा मेळावा म्हणजे विक्रेत्याला आयते सापडलेले गिऱ्हाईक, हे एकदा ध्यानात घेतले की आरोग्य मंदिरातील मंडळाचा पहिला नियम आपोआप ठरतो: येथे काहीही विकले जाणार नाही. दुसरा नियम असा, की डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणाचेही औषध बंद होणार नाही.

उरलेल्या गोष्टी साध्या आहेत, आणि साध्या आहेत म्हणूनच त्या होत नाहीत. वार आणि वेळ ठरलेली हवी, आणि ती नोकरदारांना व घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना सोयीची हवी. सकाळी अकराला भरणाऱ्या योगवर्गात शिक्षक कसा येणार? गट बारा-पंधरा माणसांचा असावा, कारण शंभरांच्या मेळाव्यात कोणी मन उघडे करीत नाही. प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि वजन यांची नोंद ठेवावी, म्हणजे उपक्रमाने काय साधले हे भाषणांवरून नव्हे, वहीवरून कळेल. गटात ऐकलेले गटाबाहेर जाणार नाही, हा संकेत कसोशीने पाळावा. गावात क्षयाची किंवा मनोविकाराची कुजबुज लेकीचे लग्न मोडू शकते. आणि हे सारे ओझे पुन्हा आशा सेविकेच्या डोक्यावर टाकावयाचे असेल, तर त्याचा मोबदला आधी ठरवावा. मानधनासाठी संप करण्याची पाळी ज्या स्त्रियांवर २०२३-२४ मध्ये आली, त्यांच्याकडून फुकट सेवाभावाची अपेक्षा धरणे शोभत नाही.

प्रत्येक केंद्रासाठी जन आरोग्य समितीची तरतूद आहे. तिच्या बैठकीत औषधसाठ्याबरोबर मंडळाच्या हजेरीचीही चौकशी व्हावी, आणि ती नागरिकांनी करावी. शाळेची रिकामी खोली मुख्याध्यापक देऊ शकतील, नोंदवही एखादा निवृत्त कारकून ठेवू शकेल, रक्तदाब मोजण्याचे शिक्षण घेऊन महाविद्यालयीन विद्यार्थी मदतीला येऊ शकतील. शासनाने डॉक्टर, औषध आणि जबाबदारी यांतून अंग काढून घ्यावे म्हणून हे करावयाचे नाही. या तिन्ही गोष्टी शासनाकडे हक्काने मागता याव्यात, इतके लोक आठवड्यातून एकदा एकत्र बसावेत म्हणून ते करावयाचे.