एकच गिअर

पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरावे? वाचकहो, एकाच गिअरची डोंगरी सायकल घेणाऱ्याला हा प्रश्न वधूवरांच्या पत्रिका जुळवण्याइतका गंभीर वाटतो. चाक २६ इंची असेल तर रूढ उत्तर आहे ‘दोनदा’: पुढे ३२ दाते, मागे १६. एका फेऱ्यात सायकल चार मीटरांहून थोडी अधिक सरकते. २९ इंची चाकाला मागे १८ ते २० दाते लावतात.

या खेळातल्या पहिल्या सायकली बहुतेक एकाच गिअरच्या. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात १९७६ साली ‘रिपॅक’ ही उताराची शर्यत सुरू झाली. पायडल उलटे दाबले की ब्रेक लागे. खाली पोहोचेपर्यंत हबमधले ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. वर मात्र सायकली गाडीत घालून नेत, नाहीतर ढकलत!

आपल्याला गाडी कोण देणार? म्हणून सपाटीवरचा वेग पाहू नये; नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत खडा चढ धरून दाते मोजावेत. सपाटीवर पाय उगाच भिरभिरतील, पण तिथे पायडल थांबवून नुसते घरंगळताही येते. चढावर ती सोय नाही, आणि चाळिशी उलटलेले गुडघे बदलून मिळणे महाग. मागचे चक्र त्या मानाने फारच स्वस्त. सोळा, सतरा, अठरा अशी तीन घरात असावीत. एका दात्याने काय होते, असे म्हणणाऱ्याने सोळाचे काढून सतराचे बसवावे, आणि सहा टक्के हलक्या झालेल्या पायडलवर तोच चढ चढून पाहावा.